न्याहारीची लो-कार्ब (कमी कर्बोदकांची) तिखटमिठाची बिस्किटं: प्रमाण, कृती आणि बिघाड

मोजूनमापून

हा धागा मऊ बिस्किटांचा आहे. कुरकुरीत चकत्यांचा नव्हे. बाहेरून तांबूस-खरपूस, आतून ओलसर, साधारण ६ सेंमी रुंद आणि ३ सेंमी उंच. आडवं कापून आत अंडं किंवा चीज भरलं तरी न मोडणारं बिस्किट हवं आहे.

कृती शेकड्यांनी सापडतात, पण बिघडलं तर का बिघडलं हे त्यात क्वचितच असतं. म्हणून आधी ते. गव्हाच्या पिठात बिस्किटाला उभं धरणाऱ्या दोन गोष्टी असतात: ग्लुटेनची (गव्हातल्या चिवट प्रथिनाची) जाळी आणि भाजताना पाणी शोषून घट्ट होणारा स्टार्च. बदामाच्या पिठात ग्लुटेन नाही, स्टार्च नगण्य आणि वजनाच्या जवळपास निम्मं तेल. त्यामुळे मैद्याच्या जागी तेवढंच बदामाचं पीठ घातलं की ते पसरतं, तेलकट होतं आणि हातात भुगा येतो. उभं धरण्याचं काम दुसऱ्या कुणाकडे तरी सोपवावं लागतं. इथे ते काम अंडं, चीज आणि इसबगोल मिळून करतात.

९ बिस्किटांचं प्रमाण:

बदामाचं बारीक पीठ (सोललेल्या बदामांचं) २०० ग्रॅम
इसबगोल, पावडर केलेलं ५ ग्रॅम
बेकिंग पावडर १० ग्रॅम, म्हणजे सपाट २ टीस्पून
मीठ २ ग्रॅम
मिरपूड अर्धा टीस्पून, लसूण पावडर अर्धा टीस्पून
थंडगार बिनमिठाचं लोणी ६० ग्रॅम
चेडर चीज, घरी किसलेलं १०० ग्रॅम
अंडी २ (कवचाशिवाय १०० ग्रॅम)
चक्का ६० ग्रॅम

ओव्हन १८० अंश सेल्सियसला तापत ठेवा. कोरडे जिन्नस एकत्र चाळून घ्या. बदामाच्या पिठात गुठळ्या असतात आणि इसबगोल एका जागी साचलं तर तिथे चिकट गाठ होते, तेव्हा चाळणं टाळू नका. लोण्याचे १ सेंमीचे तुकडे करून बोटांच्या टोकांनी पिठात चोळा. वाटाण्याएवढे खडे दिसले की थांबायचं. चीज मिसळा. अंडी आणि चक्का वेगळ्या भांड्यात नीट फेटून एकदम ओता आणि स्पॅच्युलाने २०-२५ वळशांत मिश्रण एकत्र आणा. झाकून २० मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा. मग ५८-६० ग्रॅमचे गोळे करून बटर पेपर लावलेल्या ट्रेवर ४ सेंमी अंतराने ठेवा, वरून हलकेच चपटे करा (अडीच सेंमी उंची राहील इतपतच) आणि मधल्या कप्प्यात १८ ते २२ मिनिटं भाजा.

ओव्हनमधून काढल्यावर १५ मिनिटं हात लावायचा नाही. गरम असताना ती मोडतातच. चीज आणि इसबगोलाची जेल थंड होताना घट्ट होते, तेव्हा कुठे बिस्किटाला पकड येते.

हिरवीपात

छान मांडणी. फ्रिजमधल्या २० मिनिटांबद्दल थोडी भर घालते, कारण घाईत नेमकी तीच पायरी गाळली जाते. तिथे दोन कामं एकाच वेळी होतात. चोळताना हाताच्या उबेने मऊ झालेलं लोणी पुन्हा कडक होतं, आणि इसबगोल अंड्यातलं-दह्यातलं पाणी ओढून घेतं. फ्रिजमध्ये जाण्याआधी मिश्रण घट्ट इडलीच्या पिठासारखं सैल वाटेल. बाहेर काढाल तेव्हा ओल्या हाताने गोळा वळता येईल. सैल दिसतंय म्हणून आधीच आणखी बदामाचं पीठ घालू नका, बिस्किटं कोरडी होतील.

प्रश्न असा की इसबगोल पावडर न मिळता अख्खी साल मिळाली तर किती घ्यायची?

मोजूनमापून

अख्खी साल असेल तर ८ ग्रॅम. वजनाने ३ ग्रॅमचाच फरक, पण चमच्याने मोजलं तर गोंधळ होतो: अख्खी साल हलकी, एका टेबलस्पूनमध्ये ५ ग्रॅमच्या आसपास, पावडर त्याच चमच्यात जवळपास दुप्पट बसते. अख्खी साल पाणीही सावकाश ओढते, म्हणून २० ऐवजी ३० मिनिटं ठेवा. मिक्सरच्या छोट्या भांड्यात अर्धा मिनिट फिरवून पावडर करून घेणं सगळ्यात सोपं.

५ ग्रॅमच्या जागी १५ ग्रॅम घातलं की आतला भाग रबरासारखा होतो आणि कितीही भाजलं तरी ओला वाटतो. 'कच्चं राहिलं' अशी तक्रार असते तेव्हा बऱ्याचदा इसबगोल जास्त पडलेलं असतं.

साधासरळ

वजनकाटा नाही. कपाने मोजलं तर?

मोजूनमापून

काटा घ्याच, असं मनापासून सांगेन. २४० मिलीच्या कपात बदामाचं पीठ अलगद भरलं तर ९५ ग्रॅम, दाबून भरलं तर ११५ ग्रॅमच्याही पुढे. दोन कपांमागे ४० ग्रॅमचा फरक म्हणजे एका अंड्याइतक्या ओलाव्याचा फरक. तोवर कपानेच करायचं असेल तर पीठ आधी चमच्याने मोकळं करा, चमच्याचमच्याने कपात टाका, वरून सुरीने सपाट करा आणि २ कप घेऊन वर १ टेबलस्पून जादा घाला.

ओव्हनवेडा

तापमानाबद्दल. बदामाच्या पिठात तेल आणि प्रथिनं भरपूर, थोडी नैसर्गिक साखरही असते. वरून चीज. त्यामुळे रंग फार लवकर येतो. १२व्या मिनिटाला बिस्किट सुरेख तांबूस दिसतं आणि आत मात्र ओलं असतं. रंग बघून बाहेर काढू नका.

खात्री करायची असेल तर टोकदार थर्मामीटर मधोमध खुपसा. आतलं तापमान ९४ ते ९६ अंश झालं की झालं. अंड्यातली प्रथिनं ६२-६३ अंशांपासून घट्ट व्हायला लागतात आणि ८० च्या पुढे पुरती घट्ट होतात, पण तेवढ्यावर काढलं तर आत वाफेचं पाणी उरतं आणि थंड झाल्यावर मधला भाग खाली बसतो. थर्मामीटर नसेल तर लाकडी काडी खुपसा. काडीला चीजचा तेलकटपणा लागला तर हरकत नाही, ओलं पीठ लागलं तर आणखी ३ मिनिटं.

वरून लवकर काळपट होत असेल तर १२-१३ मिनिटांनी फॉइल सैलसर झाका. पंखा चालू असेल तर १६५ अंश पुरेत. छोट्या ओटीजीमध्ये वरची सळई अगदी जवळ असते, म्हणून ट्रे मधल्या कप्प्याच्या एक घर खाली ठेवा आणि प्रीहीटला पूर्ण १५ मिनिटं द्या. दिवा विझला म्हणजे हवा तापली. भिंती आणि ट्रे तापायला त्याहून जास्त वेळ लागतो. दार उघडताच तापमान घसरतं ते त्यामुळेच.

गडद रंगाच्या ट्रेवर तळ करपतो. असा ट्रे असेल तर खाली आणखी एक ट्रे घालून दुहेरी करा. सिलिकॉनच्या साच्यात उलट होतं, तळ फिकट आणि मऊ राहतो. त्यात केलीत तर शेवटची ५ मिनिटं बिस्किटं साच्याबाहेर काढून जाळीवर भाजा.

बदामी

ट्रेवर पसरून चपटी होतात, पापडच म्हणा ना. प्रमाण वरच्यासारखंच आहे, फक्त लोणी वितळवून घातलं जातं, कारण बऱ्याच कृतींत तसंच असतं. तेच कारण असेल का?

हिरवीपात

तेच मुख्य कारण. वितळलेलं लोणी पिठात आधीच मुरलेलं असतं. ओव्हनची उष्णता लागली की अंडं घट्ट होण्याआधीच ते सगळं मिश्रण सैल करून टाकतं. थंड लोण्याचे खडे उशिरा वितळतात, तोवर कडा सावरलेल्या असतात. शिवाय खडा वितळला की त्या जागी पोकळी राहते आणि लोण्यातल्या पाण्याची वाफ तिथे थोडी उचल देते. गव्हाच्या बिस्किटांसारखे पदर सुटणार नाहीत, ती अपेक्षा ठेवू नका, पण आतला भाग मोकळा आणि हलका होतो.

वितळलेल्या लोण्यानेच करायची असतील तर मफिन ट्रे वापरा. साच्याच्या भिंती आधार देतात, पसरायला जागाच उरत नाही. ९ ऐवजी १० साचे भरा, प्रत्येकी ५२-५४ ग्रॅम. वेळ २ मिनिटं कमी.

याशिवाय पसरण्याची आणखी दोन कारणं बघून घ्या. एक म्हणजे पीठ जाडसर असणं. दुसरं, दह्याचं पाणी पुरतं न निथळणं. साधं दही ६० ग्रॅम आणि चक्का ६० ग्रॅम यांत पाण्याचा बराच फरक असतो. दही मलमलच्या कापडात बांधून किमान ३-४ तास टांगा. चमचा उभा राहील इतकं घट्ट झालं की वापरा.

खमंग

घरी बदाम दळून पीठ करणाऱ्यांसाठी लिहितो.

बदाम उकळत्या पाण्यात १ मिनिट टाका, निथळून गार पाण्यात घाला, चिमटीत दाबलं की साल सुटते. रात्रभर भिजवू नका, बदाम पाणी पितात आणि मग ते वाळवणं हा मोठा उद्योग होतो. सोललेले बदाम कापडावर पसरून पुसा आणि ओव्हनमध्ये ७० अंशांवर २ तास, मधून हलवत वाळवा. तोडल्यावर टक् आवाज आला पाहिजे. वाकला तर अजून ओला आहे. ओले बदाम दळले तर पीठ भांड्याला चिकटतं आणि काही दिवसांत बुरशी धरतं.

पूर्ण गार झाल्यावर अर्धा तास फ्रीझरमध्ये ठेवा. मग मिक्सरचं भांडं एकतृतीयांशच भरा आणि २-३ सेकंदांचे झटके द्या, मधे थांबत. सलग फिरवलं की पातं तापतं, तेल सुटतं आणि पिठाचं बदामाचं लोणी होतं, ते परत पीठ होत नाही. मैद्याच्या नाही, रव्याच्या चाळणीने चाळा. वर उरलेला भरडा पुढच्या घाण्यात घाला.

सालासकट दळलेलं पीठही चालतं. रंग गडद, चव थोडी तुरट आणि पोत रवाळ. ते जरा जास्त ओलावा मागतं, म्हणून चक्का ६० च्या जागी ७०-७५ ग्रॅम.

बदामाचं दूध गाळून उरलेला चोथा मात्र बदामाचं पीठ नव्हे. त्यातलं बरंचसं तेल दुधाबरोबर गेलेलं असतं, तंतू उरलेले असतात. वाळवून दळला तरी या प्रमाणात तो कोरडा पडतो. फार तर ४० ग्रॅम पिठाच्या जागी घाला.

पीठ हवाबंद डब्यात फ्रिजमध्ये ठेवा. खवट वास आला की टाकून द्या, भाजून तो वास जात नाही.

तव्यावरची

बदाम चालत नाहीत अशा घरासाठी काय करावं? नारळाचं पीठ तेवढंच घ्यायचं का?

मोजूनमापून

अजिबात तेवढंच नाही. नारळाचं पीठ म्हणजे तेल काढून उरलेला चोथा वाळवून दळलेला. तंतू खूप, ओलावा प्रचंड ओढतो. २०० ग्रॅम घातलंत तर दगड होईल. खोबऱ्याचा कीस मिक्सरमधून काढून तोही चालणार नाही, त्यात तेल तसंच असतं.

त्याचं प्रमाण निराळंच: नारळाचं पीठ ४५ ग्रॅम, अंडी ४, वितळलेलं लोणी ५५ ग्रॅम (इथे वितळलेलंच बरं), किसलेलं चेडर १०० ग्रॅम, बेकिंग पावडर अर्धा टीस्पून, मीठ चिमूटभर. अंडी-लोणी-मीठ फेटा, पीठ चाळून घाला आणि १० मिनिटं तसंच ठेवा. आधी पातळ वाटेल, बघता बघता घट्ट होईल. मग चीज. चमच्याने ८ ढीग घालून २०० अंशांवर १४-१६ मिनिटं. लोणी पुरतं गार करून अंड्यात घाला, नाहीतर अंड्याच्या गाठी होतात.

ही बिस्किटं जास्त मऊ आणि थोडी अंड्याच्या अंगाची होतात. आडवी कापून भरायला फारशी सोयीची नाहीत, सूपाबरोबर चांगली लागतात. नारळाची किंचित गोडसर चव मागे राहते, ती मिरी आणि लसणीने झाकता येते.

खमंग

सूर्यफुलाच्या सोललेल्या बियांचं पीठ हा आणखी एक पर्याय, बदामाच्या वजनाइतकंच घ्यायचं. फक्त एक सांभाळा: बेकिंग पावडर-सोड्याबरोबर ते आतून हिरवं होतं. बियांमध्ये क्लोरोजेनिक आम्ल असतं, अल्कलीत त्याचा हिरवा रंग येतो. थंड झाल्यावर रंग जास्त चढतो, बुरशी समजून लोक टाकून देतात. खायला काही धोका नाही. रंग नको असेल तर ओल्या मिश्रणात १ टेबलस्पून लिंबाचा रस घाला.

इसबगोलानेही कधी कधी जांभळट झाक येते. तीही निरुपद्रवी. फिकट रंगाचं इसबगोल घेतलं की ती सहसा दिसत नाही.

डबेवाली

अंडं अजिबात नको असेल तर? आणि चीज न घालता होतील का?

हिरवीपात

अंड्याशिवाय होतात, फुगणं कमी आणि पोत ब्रेडच्या तळासारखा दाट. दोन्ही वगळलं तर मात्र उभं धरायला फक्त इसबगोल उरतं, त्याचं बिस्किट होत नाही, दाट भाकरीसारखं काहीतरी होतं. म्हणून अंडं वगळणार असाल तर चीज राहू द्या.

बिनअंड्याचं प्रमाण: बदामाचं पीठ २०० ग्रॅम, इसबगोल पावडर १२ ग्रॅम, बेकिंग पावडर १० ग्रॅम, मीठ २ ग्रॅम, चीज १२० ग्रॅम, लोणी ४० ग्रॅम, चक्का ८० ग्रॅम, कोमट पाणी १२० मिली, व्हिनेगर १ टीस्पून. इसबगोल आधी कोरड्या पिठात नीट मिसळा, थेट पाण्यात टाकलं तर गोळे होतात. लोणी चोळा, चीज घाला, मग पाणी-चक्का-व्हिनेगर एकत्र करून ओता. १५ मिनिटांत मळता येईल असा गोळा होतो. ८ भाग करा. १७५ अंशांवर २८ ते ३२ मिनिटं, म्हणजे नेहमीपेक्षा बरीच जास्त, कारण इसबगोल पाणी धरून ठेवतं आणि ते बाहेर पडायला वेळ लागतो.

जवसाची पूड पाण्यात भिजवून (१ टेबलस्पून पूड, ३ टेबलस्पून पाणी, १० मिनिटं) एका अंड्याच्या जागी चालते. बांधून ठेवते, पण उचलत नाही. दोन्ही अंड्यांच्या जागी फक्त जवस घातलं तर मधला भाग गिच्च राहतो.

चीज वगळून, अंडी ठेवून करायची असतील तर तिसरं अंडं घाला, चक्का ४० ग्रॅम करा आणि मीठ ४ ग्रॅम. चव साधी होते, तेव्हा रोझमेरी किंवा कांद्याची पात हात सैल सोडून घाला.

बदामी

अंड्याचा वास येतो, त्यावर काही? आणि कधीकधी साबणासारखी चव लागते.

ओव्हनवेडा

साबणाची चव म्हणजे सोडा उरला. बेकिंग पावडर १० ग्रॅमच्या वर नेऊ नका, आणि त्या जोडीला खाण्याचा सोडा घालू नका. सोडा घालायचाच तर त्याला पुरेसं आम्ल हवं: पाव टीस्पून सोड्याला अर्धा कप आंबट ताक लागतं. या मिश्रणात तेवढा द्रव मावतच नाही, म्हणून इथे सोड्याचं काम नाही. चवीला धातूसारखी झाक असेल तर बेकिंग पावडरीच्या डब्यावर बघा, ॲल्युमिनियमचा क्षार असलेल्या पावडरीने ती येते. बिनॲल्युमिनियमची घ्या.

पावडर जिवंत आहे का हे बघायला अर्धा टीस्पून गरम पाण्यात टाका. लगेच जोरात फसफसली पाहिजे. नुसते चार बुडबुडे आले तर नवी आणा.

अंड्याचा वास मुख्यतः पिवळ्या बलकाचा आणि कमी भाजण्याचा. एक अख्खं अंडं आणि दोन अंड्यांचा पांढरा भाग घ्या. पांढऱ्याने बिस्किट जरा कोरडं पडतं, म्हणून चक्का १० ग्रॅम वाढवा. ओल्या मिश्रणात १ टीस्पून व्हिनेगर घातल्यानेही वास मंदावतो.

अंड्याची चव जवळपास नको असेल तर मोझरेलाच्या पिठाकडे वळा. कमी पाण्याचं मोझरेला १५० ग्रॅम आणि क्रीम चीज ६० ग्रॅम मायक्रोवेव्हमध्ये ३०-३० सेकंदांनी ढवळत वितळवा, पुरतं एकजीव होईपर्यंत. १ अंडं, १३० ग्रॅम बदामाचं पीठ, दीड टीस्पून बेकिंग पावडर घालून गरम असतानाच हाताला तेल लावून मळा. गार झालं की मिसळत नाही, पट्टे राहतात. तसं झालं तर पुन्हा १५ सेकंद गरम करा. दोन बटर पेपरांमध्ये २ सेंमी जाड लाटून गोल कापा, १९० अंशांवर १४-१५ मिनिटं. गरम असताना ही वरच्या बिस्किटांपेक्षा सरस लागतात, थंड झाल्यावर चिवट होतात. डब्यात न्यायची असतील तर वरचीच कृती बरी.

साधासरळ

एका बिस्किटात कार्ब किती? वेगवेगळ्या ठिकाणी १ ग्रॅमपासून ६ ग्रॅमपर्यंत आकडे दिसतात.

मोजूनमापून

धाग्यातल्या पहिल्या कृतीचा हिशेब मांडतो. बदामाच्या १०० ग्रॅम पिठात तंतू वजा करून साधारण १० ग्रॅम कार्ब, म्हणजे २०० ग्रॅमचे २०. बेकिंग पावडरीतल्या स्टार्चचे ३, चक्क्याचे ३, चीजचे २, अंड्यांचा १. एकूण २९, भागिले ९. म्हणजे एका बिस्किटात ३ ग्रॅमच्या थोडं वर. प्रथिनं सुमारे ९ ग्रॅम, स्निग्ध २२ ग्रॅम, कॅलरी २५० च्या आसपास. कार्ब कमी म्हणजे कॅलरी कमी असं नव्हे, न्याहारीला दोन पुरेत.

आकड्यांत फरक पडतो तो लेबलमुळे. अमेरिकी लेबलवर एकूण कार्बमध्ये तंतू धरलेले असतात, ते वजा करावे लागतात. युरोपीय लेबलवर कार्बचा आकडा तंतू सोडूनच छापलेला असतो. त्यातून पुन्हा तंतू वजा केले तर खोटा कमी आकडा येतो. पाकीट कुठल्या पद्धतीचं आहे ते आधी बघा.

बेकिंग पावडरीतला स्टार्च टाळायला घरी मिश्रण करतात (१ भाग सोडा, २ भाग क्रीम ऑफ टार्टर, म्हणजे एक आम्लधर्मी पावडर). एका बिस्किटामागे पाव-एक ग्रॅम वाचतो. पण ते मिश्रण ओलं होताच सगळा वायू सोडून मोकळं होतं, फ्रिजमध्ये २० मिनिटं ठेवण्याची सोय राहत नाही. एवढ्याशा बचतीसाठी ते करू नये असं माझं मत.

तयार किसलेल्या चीजवर तुकडे चिकटू नयेत म्हणून बटाट्याचा किंवा मक्याचा स्टार्च किंवा सेल्युलोज लावलेलं असतं. कार्ब वाढतात ते थोडेच, पण चीज नीट वितळून एकजीव होत नाही. लादी आणून किसा.

तव्यावरची

एक गंभीर गोष्ट. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या सल्फोनिलयुरिया गटातल्या गोळ्या चालू असतील तर न्याहारीतले कार्ब अचानक कमी केल्याने साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. एसजीएलटी-२ गटातल्या (लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या) गोळ्या घेणाऱ्यांना फार कमी कार्बच्या आहारात कीटोॲसिडोसिसचा, म्हणजे रक्तातलं आम्ल जिवावर बेतेल इतकं वाढण्याचा, धोका असतो. आधी डॉक्टरांशी बोलून डोस ठरवा, मग न्याहारी बदला. आणि इसबगोल असलेल्या पदार्थाबरोबर पाणी भरपूर प्या. औषधांच्या वेळेपासून ते थोडं लांब ठेवा, कारण काही औषधांच्या शोषणात ते आडवं येतं.

डबेवाली

हे फार महत्त्वाचं, धन्यवाद. आत पालक, मशरूम वगैरे घालायचं तर?

हिरवीपात

भाजीतलं पाणी हाच शत्रू. पालक १०० ग्रॅम गरम पाण्यात अर्धा मिनिट, मग गार पाण्यात, मग मुठीत घट्ट पिळून बारीक चिरा. पिळल्यावर ४० ग्रॅमच्या आसपास उरला तर बरोबर पिळला. मशरूम कोरड्या तव्यावर पाणी सुटून आटेपर्यंत परता, पूर्ण गार करा. झुकिनी किसून मीठ लावून १५ मिनिटांनी पिळा आणि मग कृतीतलं मीठ निम्मं करा. एकूण भर ८० ग्रॅमच्या वर नको, नाहीतर मिश्रण बांधलं जात नाही. बेकन किंवा सॉसेज आधी कुरकुरीत परतून, टिपकागदावर तेल टिपून, गार करून.

कच्चा लसूण घालू नका. २० मिनिटांत तो शिजत नाही, उग्र राहतो. पावडर किंवा आधी भाजलेला लसूण.

ओव्हनवेडा

एअर फ्रायरसाठी: १६० अंश, १२ ते १४ मिनिटं, एका वेळी ४-५ बिस्किटं, मधे हवा खेळेल इतकी जागा. बटर पेपर बिस्किटांखाली दबलेला असू द्या, रिकामा पेपर उडून वरच्या कॉइलला लागतो. वरून रंग लवकर येतो, म्हणून ८ मिनिटांनी बघा.

डबेवाली

आठवड्याची एकदम करून ठेवता येतील का?

खमंग

येतील. पूर्ण गार होऊ द्या, जाळीवर. ट्रेवरच राहू दिली तर खाली वाफ साचून तळ ओला होतो. हवाबंद डब्यात, खाली-वर टिपकागद घालून फ्रिजमध्ये ४ दिवस. बाहेर ठेवायची नाहीत: चीज, अंडी, ओलावा तिन्ही आहेत. फ्रीझरमध्ये २ महिने चव टिकते, एकेक सुटी गुंडाळून ठेवा.

गरम करताना मायक्रोवेव्हमध्ये फक्त २० सेकंद, त्याने मऊ होतात, खरपूस होत नाहीत. ओव्हनमध्ये १५० अंशांवर ७-८ मिनिटं, किंवा आडवी कापून कापलेली बाजू खाली करून तव्यावर मंद आचेवर. तव्याला तूप-तेल लागत नाही, बिस्किटातलं लोणी पुरतं.

याहून चांगला मार्ग म्हणजे कच्चे गोळेच गोठवणं. ट्रेवर सुटे गोठवून मग पिशवीत भरा. सकाळी न वितळवता थेट १७० अंशांवर २५ ते २८ मिनिटं. यासाठी बेकिंग पावडर डबल ॲक्टिंगच हवी. तिचा काही भाग उष्णता लागल्यावरच वायू सोडतो, म्हणून गोठवूनही बिस्किटं फुगतात. गोळे ३ आठवड्यांच्या आत संपवा, पुढे उचल कमी होत जाते.

बदामी

थंड लोणी, टांगलेलं दही आणि २० मिनिटं फ्रिज, तिन्ही पाळून केली. पसरली नाहीत, उंची ३ सेंमी भरली. फक्त वर बारीक भेगा पडल्यात. काही चुकतंय का?

मोजूनमापून

चुकत नाही. बाहेरचं कवच आधी घट्ट होतं आणि आतली वाफ त्यातून वाट काढते, त्याच्या भेगा. गुळगुळीत हवी असतील तर गोळा वळल्यावर ओल्या बोटाने वरून फिरवा आणि भाजण्याआधी फेटलेल्या अंड्याचा पातळ हात द्या. भेग रुंद असून बिस्किट एका बाजूला कललं असेल तर मात्र ओव्हन एका बाजूने जास्त तापतोय. १०व्या मिनिटाला ट्रे फिरवा.